थिएनिन, मॅग्नेशियम, अश्वगंधा, मेलाटोनिन: एकत्र घ्यायचंच असेल तर या क्रमानं

औषधाच्या दुकानात संध्याकाळी सात ते नऊ ही गर्दीची वेळ. अशाच एका संध्याकाळी ओळखीतले एक काका आले, पिशवीतून चार डबे काढून काउंटरवर ओळीनं मांडले आणि म्हणाले, "मॅडम, यातलं कुठलं कशाबरोबर घेऊ?" एक डबा न्यू जर्सीहून मुलीनं पाठवलेला, दुसरा ऑनलाइन मागवलेला, तिसरा आयुर्वेदिक, चौथा आमच्याच दुकानातला. लेबलं वाचली. दोन डब्यांत अश्वगंधा होती, तीन डब्यांत मॅग्नेशियम. काका रात्री तीन गोळ्या घेत होते आणि सकाळी डोकं जड राहतं म्हणून लक्ष लागण्यासाठी चौथी. पहाटेची थायरॉइडची गोळी वेगळीच.

कुठलं कशाबरोबर, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. आधी कुठलं आणि मग कुठलं, एवढं एका कागदावर लिहून दिलं. त्या कागदात जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

आधी तक्रार ठरवा

"झोप येत नाही" या एका वाक्याखाली चार-पाच वेगळी दुखणी असतात. अंथरुणावर पडल्यावर तासभर कूस बदलत राहणं ही एक तक्रार. लगेच डोळा लागतो, पण पहाटे तीनला टक्क जाग येते, ही दुसरी. रात्री डोक्यात ऑफिस सुरू राहतं, ही तिसरी. आणि सात-आठ तास झोपूनही दुपारी पेंग येते, ही चौथी.

चौथ्या तक्रारीवर सप्लिमेंट घेऊच नका. मोठ्यानं घोरत असाल, घरचे सांगत असतील की मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, तर ती स्लीप अ‍ॅप्निया असू शकते. तिथे गुंगी आणणाऱ्या गोष्टी नुकसान करतात. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर आधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी आहे की ही तपासणी मी सगळ्यांत आधी सुचवते. त्याच वेळी थायरॉइड आणि बी-12 सुद्धा बघून घ्या.

तीन महिन्यांहून जास्त काळ, आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोपेचं खोबरं होत असेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार म्हणून डॉक्टरांच्या मार्गदर्शिका गोळीचं नाव घेत नाहीत, सीबीटी-आयचं घेतात. ही झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याची काही आठवड्यांची पद्धतशीर थेरपी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2016 मध्ये हे स्पष्ट लिहिलं. खालचं सगळं त्यापेक्षा हलक्या, अधूनमधूनच्या तक्रारींसाठी आहे.

एक आठवडा काहीही न घेता

हा टप्पा सगळे गाळतात, आणि मग महिन्यानं "फरक पडला का?" या प्रश्नावर "पडला असेल बहुतेक" एवढंच उत्तर मिळतं. एक वही घ्या. रोज सकाळी लिहा: दिवा किती वाजता मालवला, अंदाजे किती मिनिटांत झोप लागली, किती वेळा जाग आली, उठल्यावर ताजेपणा दहापैकी किती. शेजारी आदल्या दिवशीचे चहा-कॉफीचे कप आणि शेवटच्या कपाची वेळ. मनगटावरच्या घड्याळाचा स्लीप स्कोअर लिहिला नाही तरी चालेल. तो बघून लोक उगाच काळजीत पडतात आणि काळजीनं झोप उडते.

शेवटच्या कपाची वेळ मुद्दाम लिहायला सांगते आहे. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी सहाची कडक फिल्टर कॉफी रात्री अकराला अर्धी अंगात असते. या आठवड्यात दुपारी दोननंतरचा चहा-कॉफी बंद करा. आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी काहीजणांचं काम इथेच भागतं आणि माझी विक्री बुडते.

पहिली: मॅग्नेशियम, रात्री जेवणानंतर, दोन आठवडे

सुरुवात इथून, कारण ही आहारातलीच गोष्ट आहे. बाजरी, राजगिरा, तीळ, काजू, भोपळ्याच्या बिया यांत ते भरपूर असतं. भोपळ्याच्या मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम बियांत दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. ज्यांच्या ताटात हे येतच नाही त्यांना गोळीचा उपयोग जाणवण्याची शक्यता जास्त. ज्यांचं मॅग्नेशियम आधीच पुरेसं आहे त्यांना झोपेत फार फरक दिसेल असं मी म्हणणार नाही.

लेबलावर फसगत होते ती इथे. डब्यावर मोठ्या अक्षरांत "मॅग्नेशियम ग्लायसिनेट 1000 मिग्रॅ" लिहिलेलं असतं. हे वजन अख्ख्या संयुगाचं. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण 14 टक्के, म्हणजे 140 मिलिग्रॅम. सायट्रेटमध्ये 16 टक्क्यांच्या आसपास, ऑक्साइडमध्ये तब्बल 60 टक्के. पण ऑक्साइड शरीरात फारसं शोषलं जात नाही, पोटात राहून जुलाब मात्र करतं. लेबलाच्या मागे बारीक अक्षरांत "एलिमेंटल" असा शब्द शोधा, मोजायचा आकडा तोच.

100 ते 200 मिलिग्रॅम एलिमेंटल, ग्लायसिनेटच्या रूपात, रात्रीच्या जेवणानंतर. सप्लिमेंटमधून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा अमेरिकेत 350 मिलिग्रॅम धरतात आणि युरोपात 250. जुलाब सुरू झाले तर मात्रा निम्मी करा. बद्धकोष्ठ असेल तर सायट्रेट घ्या, एका गोळीत दोन कामं होतात.

किडनीचा आजार असेल तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका, मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचं काम किडनी करते. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांच्यात किमान चार तास हवेत, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. सकाळी थायरॉइड आणि रात्री मॅग्नेशियम असं ठेवलं की प्रश्न आपोआप मिटतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर तेवढे दिवस मॅग्नेशियम थांबवलेलं सोपं.

दुसरी: थिएनिन, तिसऱ्या आठवड्यापासून

एल-थिएनिन हे चहाच्या पानातलं अमिनो आम्ल. 1949 मध्ये जपानात ग्योकुरो या सावलीत वाढवलेल्या चहात ते पहिल्यांदा सापडलं. चहा प्यायल्यावर कॉफीसारखी धडधड न होता तरतरी येते, त्यातलं थोडं श्रेय याचं. पण आपल्या कपात ते थोडंच उतरतं. 200 मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे कित्येक कप चहातलं थिएनिन, त्यामुळे "मी तर दिवसाला सहा चहा पितो" हा युक्तिवाद चालत नाही. सहा चहांत थिएनिनपेक्षा कॅफिन आणि साखर जास्त.

यानं गुंगी येत नाही, म्हणूनच ते दिवसाही घेता येतं आणि रात्रीही. लक्ष लागण्यासाठी सकाळी 100 मिलिग्रॅम थिएनिन आणि त्याबरोबर एक कप चहा किंवा छोटी कॉफी. एकाग्रतेवरच्या प्रयोगांत साधारण 100 मिलिग्रॅम थिएनिन आणि 40 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असं प्रमाण वापरलं गेलं आहे, आणि आपल्या एका कप चहात कॅफिन तेवढंच, 30 ते 50 मिलिग्रॅम असतं. म्हणजे वेगळी कॅफिनची गोळी विकत घ्यायची गरज नाही. कपाटात चहा पावडर आहे. अर्ध्या-पाऊण तासात परिणाम जाणवतो, म्हणून परीक्षेच्या किंवा मीटिंगच्या साधारण तेवढंच आधी घ्या, पण पहिल्यांदा घेताय तो दिवस परीक्षेचा नको.

रात्री डोक्यात ऑफिस सुरू राहणाऱ्यांनी 100 ते 200 मिलिग्रॅम झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी, चहाशिवाय. मॅग्नेशियम आधीपासून चालू आहेच. या दोघांचं एकमेकांशी भांडण नाही. या लेखातली सर्वांत सौम्य जोडी हीच आणि माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावं. रक्तदाबाची औषधं घेत असाल तर पहिले चार-पाच दिवस दाब मोजत राहा.

तिसरी: अश्वगंधा, पण विचार करून

आपल्याला वाटतं ही तर घरचीच. आजी दुधातून द्यायची. शास्त्रीय नावातच झोप आहे, विथानिया सोम्निफेरा, म्हणजे झोप आणणारी. मुळाला घोड्यासारखा वास म्हणून अश्वगंधा. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात तिची मोठी शेती होते. हे सगळं खरं असलं तरी डब्यातली कॅप्सूल आणि आजीचं चूर्ण या एकच गोष्टी नाहीत. चूर्णाची पारंपरिक मात्रा 3 ते 6 ग्रॅम. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, त्याची मात्रा बहुतेक अभ्यासांत दिवसाला 300 ते 600 मिलिग्रॅम. दोन्ही एकदम घेणारे लोक मला भेटले आहेत. एकच घ्या.

ताण आणि झोप यांवरचे अभ्यास बरे आहेत, पण बरेचसे छोटे आहेत आणि काहींना उत्पादकांचाच पैसा आहे. ते विसरू नका. परिणाम हळूहळू येतो, आठवड्यांच्या हिशेबानं. सहा ते आठ आठवडे घ्या, वहीत फरक दिसत नसेल तर बंद करा. दिसत असेल तरी तीनेक महिन्यांनंतर खंड द्या, कारण वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं यावर भरवशाचे अभ्यास जवळपास नाहीत.

अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातूनही प्रसिद्ध झाल्या आहेत. प्रमाण कमी आहे, पण लघवी गडद होणं, डोळे पिवळे होणं, अंगाला खाज सुटणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी गोळी बंद आणि एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी. यकृताचा आजार असेल तर सुरूच करू नका. गरोदरपणात नाही. थायरॉइडचं हॉर्मोन ती वाढवू शकते, म्हणून हायपरथायरॉइड असेल तर नाही, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून, नंतर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर जास्त उतरू शकते. डेन्मार्कनं 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. मला ते जरा टोकाचं वाटतं, पण "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे दुसरं टोक आहे आणि आपण तिथे राहतो.

लेबलावर "मुळाचा अर्क" लिहिलेलं आहे का पाहा. आयुष मंत्रालयानं 2021 मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका असं सांगितलं होतं.

ब्राह्मीचं थोडक्यात. या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वनस्पती मिळतात, बकोपा आणि मंडूकपर्णी. स्मरणशक्तीवरचे बहुतेक अभ्यास बकोपाचे आहेत, दिवसाला 300 मिलिग्रॅम अर्क आणि साधारण बारा आठवडे. परीक्षेच्या आठवडाभर आधी सुरू करून काही होत नाही. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते. झोपेच्या प्रयोगात ही आणूच नका, वहीतला हिशेब बिघडतो.

मेलाटोनिन: रोजचं नाही, घड्याळ बिघडलं की

मेलाटोनिनला लोक झोपेची गोळी समजतात. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी हे हॉर्मोन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. म्हणजे ते निरोप्या आहे. पहाटे तीनला जाग येणाऱ्याला निरोप आधीच पोचलेला असतो, तिथे याचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो जेट लॅगमध्ये, आणि झोपेची वेळच पुढे सरकलेल्यांना.

आपल्याकडे याची खरी गरज लागते ती मुलांकडे कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या आईवडिलांना. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा-साडेतेरा तास मागे, दिवसाची रात्र होते. पोचल्यावर तिथल्या झोपेच्या वेळेला अर्धा ते 3 मिलिग्रॅम, चार-पाच रात्री, आणि दिवसा बाहेर उन्हात फिरणं. उन्हाशिवाय गोळीचा निम्मा उपयोग वाया. हिंजवडीत अमेरिकेच्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा, त्यांनी सकाळी घरी येताना गॉगल आणि खोलीत जाड पडदे यांवर आधी पैसे खर्च करावेत.

10 मिलिग्रॅमचे गमीज बॅगेतून येतात ते कशासाठी हे मला कळलेलं नाही. मात्रा वाढवली म्हणून झोप तेवढी वाढत नाही, सकाळची झापड मात्र वाढते. शिवाय डब्यावरच्या आकड्याचा भरवसाही नाही. 2023 मध्ये अमेरिकेत 25 प्रकारचे गमीज तपासले, त्यांपैकी 22 मध्ये लेबलावरच्या आकड्याशी माल जुळला नाही. कुठे लेबलाच्या 74 टक्के, तर कुठे 347 टक्के. आणि ते दिसतात गोळ्या-चॉकलेटसारखे. अमेरिकेत मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी 2012 ते 2021 या काळात 530 टक्क्यांनी वाढल्या. नातवंडं येणार असतील तर डबा वरच्या फडताळात, कडीकुलपात.

मेलाटोनिन मॅग्नेशियमबरोबर चालतं. त्याच रात्री अश्वगंधा सुरू करू नका. आणि फ्लुव्हॉक्सामिन हे मनोविकाराचं औषध चालू असेल तर मेलाटोनिन अजिबात नाही, रक्तातली त्याची पातळी कित्येक पटींनी चढते.

काय कधीच एकत्र नको

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांतलं काही चालू असेल तर त्यावर अश्वगंधा, तगर, जटामांसी, मेलाटोनिन यांतलं काहीही स्वतःच्या मनानं चढवू नका. आणि "आता हर्बल सुरू केलंय" म्हणून ती गोळी एका दिवसात तोडूही नका. अचानक तोडल्यानं झटके येऊ शकतात. डॉक्टर आठवड्या-आठवड्यानं मात्रा उतरवतात.

दारू आणि यांतलं काहीही, नको. पार्टी असेल त्या रात्री सगळ्यांना सुटी.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे सर्दीची गोळी. क्लोरफेनिरामाइन किंवा सेट्रिझिन असलेल्या गोळ्या आणि कफ सिरप स्वतःच गुंगी आणतात. सर्दी झाली की रात्रीची बाकी सप्लिमेंटं चार दिवस थांबवा, वहीत "सर्दी" लिहा आणि ते दिवस हिशेबातून वगळा.

नैराश्याची औषधं चालू असताना 5-एचटीपी (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं) किंवा सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती घेऊ नका, सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. हे दोन्ही परदेशी "मूड" आणि "Calm" (म्हणजे शांत) लिहिलेल्या डब्यांत इतर दहा घटकांमध्ये लपलेले असतात. "प्रोप्रायटरी ब्लेंड 750 मिग्रॅ" असं लिहून पुढे नुसती नावं दिलेला डबा असेल तर कशाची मात्रा किती ते कळायला मार्ग नाही. असा डबा मी परत करायला सांगते. आपल्याकडच्या डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 आकडी क्रमांक किंवा आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक हवा.

ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी वनस्पतींच्या गोळ्या बंद करा आणि भूलतज्ज्ञांना सगळ्या डब्यांची नावं सांगा. "ती काही औषधं नाहीत" म्हणून लोक हे सांगतच नाहीत.

आणि जायफळ. सहाणेवर चार-पाच वळसे उगाळून कोमट दुधात घालणं ठीक आहे, मीही घेते. पुरणपोळीनंतरची झापड जायफळाची की तीन पोळ्यांची, हा वाद आमच्या घरी मिटलेला नाही. पण गुण येत नाही म्हणून अर्धं जायफळ पूड करून खाणारेही असतात. 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण एका जायफळाएवढं पोटात गेलं की उलट्या, छातीत धडधड आणि भास होऊ शकतात, आणि ते लवकर उतरत नाही. गोळ्यांच्या जोडीला जायफळ घ्यायचं असेल तर वळसे दोनच.

वही बघून कमी करा

आठ-दहा आठवड्यांनी वही उघडा आणि पहिल्या, काहीही न घेतलेल्या आठवड्याशेजारी शेवटचा आठवडा ठेवा. झोप लागायला 60 मिनिटं लागत होती ती 50 झाली असतील, तर तो बदल गोळीचा की हवेचा हे सांगता येत नाही. 60 ची 25 झाली असतील तर काहीतरी लागू पडतंय. कुठलं, हे काढून बघितल्याशिवाय कळणार नाही. शेवटी सुरू केलेलं आधी बंद करा, दोन आठवडे लिहा, मग त्याच्या आधीचं.

काकांचं असंच झालं. कागदाप्रमाणे त्यांनी चारही डबे बाजूला ठेवले, एक आठवडा कोरा काढला आणि मग फक्त मॅग्नेशियम सुरू केलं. दीड महिन्यानं वही घेऊन आले. थिएनिनपर्यंत गेलेच नव्हते. वहीत एक गोष्ट ठळक दिसत होती: संध्याकाळी कट्ट्यावर चहा झालेला दिवस आणि रात्री एक वाजता लागलेली झोप, दरवेळी जोडीनं. "चहा सोडवत नाही हो," म्हणाले, आणि कट्ट्याची वेळ सकाळची करता येईल का ते मित्रांना विचारून बघतो म्हणत मॅग्नेशियमची पुढची बाटली घेऊन गेले.